चार बिस्किटं आणि पुड्यावरचा भागाकार

दुपारचे चार वाजले की आमच्या घरी चहाचं आधण चढतं. मागच्या सप्टेंबरमध्ये आई पुण्याहून आमच्याकडे नॉटिंगहॅमला आली, तेव्हापासूनचा हा नेम. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो, त्यामुळे चारचा चहा आम्ही दोघं बरोबर घेतो. आईला टाइप टू डायबेटिस होऊन बारा वर्षं झाली. चहा बिनसाखरेचा घेते, पण बशीत चार डायजेस्टिव्ह बिस्किटं हवीतच. एकदा मी म्हटलं, "आई, चार जास्त होतात गं." तर म्हणाली, "अरे, ही पचनाची बिस्किटं आहेत, साधी नाहीत. आमच्या सोसायटीत शुगरवाल्या सगळ्याजणी हीच खातात. नावच बघ ना!"

मला उत्तर सुचलं नाही. चार बिस्किटं माझ्याही बशीत होती.

नोव्हेंबरमध्ये सतत थकवा जाणवतो म्हणून मी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. रक्ततपासणीत एचबीएवनसी ४४ आला. इथलं एकक वेगळं आहे. आपल्याकडच्या भाषेत ६.२ टक्के. ४२ ते ४७ म्हणजे मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर उभा आहे. माझं वय ३७, वजन उंचीच्या मानाने 'नॉर्मल', सिगारेट नाही. नर्सने विचारलं, "मधल्या वेळी काय खाता?" मी म्हटलं, "विशेष काही नाही, बिस्किटं." तिने विचारलं, "किती?" याचं उत्तर मला खरंच देता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरातले सगळे पुडे ओट्यावर मांडले. सुपरमार्केटमधली डायजेस्टिव्ह आणि रिच टी, हायसन ग्रीनच्या देशी दुकानातून आणलेली ग्लुकोज आणि क्रीमची बिस्किटं, आईने बॅगेतून आणलेला 'शुगर फ्री' पुडा आणि कॅम्पातल्या श्रूजबेरीचा डबा. मग प्रत्येक पुडा उलटा करून वाचत बसलो. त्यातून जे समजलं ते आज लिहितोय, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, इथे काय नि तिथे काय, हेच पुडे असतात.

एकच साखर, चार उत्तरं

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. टक्केवारी दिसली की भाजक कोणता, हे आधी विचारायची सवय लागलेली आहे. ब्रिटिश पुड्यावर पुढच्या बाजूला 'एका बिस्किटात' ऊर्जा, फॅट, सॅच्युरेटेड फॅट, साखर आणि मीठ किती, ते लिहिलेलं असतं, आणि खाली दिवसाच्या प्रमाणाच्या किती टक्के तेही. एका डायजेस्टिव्ह बिस्किटासमोर साखरेचे तीन टक्के दिसतात. तीन टक्के म्हणजे काहीच नाही, असं कोणालाही वाटेल.

पण हे तीन टक्के कशाचे? ९० ग्रॅमचे. हा आकडा 'एकूण' साखरेचा आहे. त्यात दुधातली, फळांतली नैसर्गिक साखरही धरलेली आहे. वरून घातलेली साखर, मध, पाक यांबाबत इथल्या आरोग्य खात्याचाच सल्ला आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ३० ग्रॅमच्या वर जाऊ नये. सात ते दहा वर्षांच्या मुलांना २४ ग्रॅम, चार ते सहा वर्षांच्या मुलांना १९. बिस्किटातली साखर जवळपास सगळी वरून घातलेलीच असते. म्हणजे सल्ला ३० चा आणि पुड्यावरचा भागाकार ९० ने!

भारतात काय आहे? अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांत भाजक ५० ग्रॅम आहे, आणि तो फक्त वरून घातलेल्या साखरेचा आहे. शिवाय ही साखर वेगळ्या ओळीत लिहावी लागते. ब्रिटिश पुड्यावर तशी ओळच नसते. इथे आपला नियम इंग्लंडपेक्षा चांगला आहे. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. म्हणजे तिथेही सल्ला आणि भाजक यांत दुपटीचा फरक.

आता आमच्या बशीतली चार बिस्किटं घ्या. एक डायजेस्टिव्ह साधारण १५ ग्रॅमचं, चार मिळून ६०. साखर साधारण १० ग्रॅम. ब्रिटिश पुड्याच्या हिशेबाने ही दिवसाच्या ११ टक्के होते, भारतीय पुड्याच्या हिशेबाने २०, ब्रिटिश आरोग्य सल्ल्याप्रमाणे ३३ आणि आपल्या पोषण संस्थेप्रमाणे ४०. चारही उत्तरं गणिताने बरोबर. पुड्यावर मात्र त्यातलं सगळ्यात सौम्य उत्तर छापलेलं असतं. माझ्या सहा वर्षांच्या लेकीने हीच चार बिस्किटं खाल्ली तर तिचा निम्म्याहून जास्त कोटा एका बशीत संपतो, आणि पुड्यावरचा भागाकार लहान मुलांचा नसतोच, मोठ्या माणसाचा असतो.

साखर हा निम्माच हिशेब झाला. या चार बिस्किटांत १२-१३ ग्रॅम फॅट येतं आणि जवळपास २९० कॅलरी. म्हणजे दीडएक भाकरी. भाकरी खाल्ली की जेवलो असं आपण म्हणतो. बिस्किटं खाल्ली तर फक्त चहा घेतला म्हणतो.

नावात काय आहे

'डायजेस्टिव्ह' या नावाचा इतिहास गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये असा समज होता की बिस्किटात खाण्याचा सोडा असला की पचनाला मदत होते. मॅकव्हिटीजने १८९२ मध्ये आपलं डायजेस्टिव्ह आणलं ते याच काळात. सोडा भट्टीत गेल्यावर बिस्कीट फुगवण्याचं काम करतो, पोटात जाऊन औषधाचं काम करत नाही. समज गेला, नाव राहिलं. ते नाव भारतात पोचल्यावर त्याचा अर्थ 'पाचक', आणि मग 'डायबेटिसला चालतं' असा होत गेला. आईची चूक नाही. नाव मोठ्या अक्षरात समोर आहे, बाकीचं मागे आहे.

इथे पुढच्या बाजूला रंगही असतात. २०१३ पासून ब्रिटनमध्ये सिग्नलचे दिवे आहेत: हिरवा, पिवळा, लाल. १०० ग्रॅममागे साखर २२.५ ग्रॅमच्या वर, फॅट १७.५ च्या वर, सॅच्युरेटेड फॅट ५ च्या वर किंवा मीठ दीड ग्रॅमच्या वर गेलं की लाल. या मापाने डायजेस्टिव्हला फॅट आणि सॅच्युरेटेड फॅट दोन्हीकडे लाल, साखर आणि मिठाला पिवळा. आपल्या नेहमीच्या ग्लुकोज बिस्किटात साधारण पाव भाग साखर असते, त्यामुळे तिथे साखर लाल, सॅच्युरेटेड फॅटही लाल, एकूण फॅट पिवळं. म्हणजे 'साधं' बिस्कीट आणि 'तब्येतीचं' बिस्कीट यांत लाल दिव्याची जागा बदलते, एवढंच.

हे दिवे ऐच्छिक आहेत. सुपरमार्केटमधल्या बहुतेक पुड्यांवर दिसतात. हायसन ग्रीनच्या दुकानातल्या, भारतातून आलेल्या पुड्यांवर नसतात. माझी लेक रंग बघून "बाबा, याला दोन लाल आहेत" म्हणते. आजीने आणलेल्या पुड्यावर तिला काहीच सांगता येत नाही. त्यावर गव्हाची लोंबी आणि दुधाचा पेला काढलेला आहे.

यादी वरून वाचायची

घटकांच्या यादीचा एक नियम दोन्ही देशांत सारखा आहे: जे वजनाने जास्त ते आधी. त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की बिस्किटाचं बरंचसं कळतं. माझ्या ओट्यावरच्या बहुतेक पुड्यांवर पहिली तीन नावं मैदा, साखर आणि पाम तेल हीच होती, फार तर क्रम वेगळा. पुढे 'आटा' किंवा 'मल्टिग्रेन' असं ठळक लिहिलेल्या पुड्यावरही मागे पहिलं नाव मैद्याचं असू शकतं. धान्यांची टक्केवारी कंसात दिलेली असते, ती बघावी. साखर तर तीन-चार नावांनी येते: इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. विभागून लिहिली की प्रत्येक नाव यादीत खाली जातं.

ब्रिटिश बिस्किटांवर मैद्यापुढे कॅल्शियम, लोह, नायसिन, थायमिन अशी नावं दिसतात. मी इतकी वर्षं समजत होतो की कंपनीने आपल्या भल्यासाठी घातली असतील. तसं नाही. इथल्या कायद्यानेच मैद्यात ती घालावी लागतात, म्हणून पावात असतात तशी बिस्किटातही येतात. त्याने बिस्कीट पौष्टिक होत नाही.

तेलाचं बघू. पाम तेलात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड फॅट असतं. पण म्हणून श्रूजबेरीचा डबा निर्दोष ठरत नाही, कारण लोण्यातही ते प्रमाण तितकंच आहे. "आमच्याकडे शुद्ध लोण्याचं मिळतं" हा पुणेरी अभिमान चवीपुरता खरा. वनस्पती तुपातून येणारं ट्रान्स फॅट मात्र हृदयाला नक्की वाईट, यावर शास्त्रात फारसा वाद उरलेला नाही. इथेही भारत पुढे आहे. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. युरोपियन युनियनमध्येही तशी आहे. इंग्लंडमध्ये मात्र कंपन्यांनी ते बहुतांशी स्वतःहून काढलं, कायदा नाही. 'तिकडे सगळं शुद्ध असतं' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आता हे आवर्जून सांगतो.

आणि ते आकडे! व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त भीती त्यांचीच पसरते. ५०० म्हणजे खाण्याचा सोडा, ५०३ म्हणजे फुगवणारा अमोनियम क्षार, ३२२ म्हणजे बहुधा सोयाबीनमधून काढलेलं लेसिथिन. २२३ हा सल्फाइट आहे. ज्यांना दम्याचा किंवा सल्फाइटचा त्रास होतो त्यांनी तो जरूर बघावा. ४७१ सारखे, तेल-पाणी एकजीव ठेवणारे काही पदार्थ आणि हृदयविकार यांचा संबंध फ्रान्समधल्या एका मोठ्या पाहणीत दिसला आहे, पण ती पाहणी आहे; हेच कारण आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. बिस्किटात ज्याची आपण भीती घ्यायची, त्याला आकडा नसतो. त्याचं नाव साखर, मैदा आणि तेल असं सरळ लिहिलेलं असतं.

मग 'अतिप्रक्रिया केलेलं अन्न' म्हणजे नुसती ओरड का? तसंही नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना प्रयोगशाळेत ठेवून दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, फॅट, चोथा यांचं प्रमाण जुळवलेलं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखानी अन्नावर असताना माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. ती भरभर खात होती, हेही दिसलं. डायजेस्टिव्ह चहात बुडवून दोन घासांत संपतं. भाकरी चावावी लागते.

'शुगर फ्री' पुड्याची गोष्ट दोन ओळींत संपते. साखरेऐवजी माल्टिटॉल, बाकी मैदा आणि तेल तेच. माल्टिटॉलने रक्तातली साखर कमी वाढते, पण वाढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, असा इशारा पुड्यावरच असतो.

बिस्कीट तेच, शरीर वेगळं

माझं वजन नॉर्मल असताना साखर का वाढली, याचं उत्तर मला पुण्याच्या संशोधनात सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी: हा आपला 'थिन-फॅट' बांधा. इथली आरोग्यसेवाही दक्षिण आशियाई माणसांसाठी वजनाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर ओढते.

पुड्यावरचा भाजक मात्र सगळ्यांना एकच, २००० कॅलरी खाणाऱ्या सरासरी माणसाचा. पुण्यातून आलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा, वडिलांकडून आणि आईकडून डायबेटिसचा वारसा घेतलेला मी त्या सरासरीत कुठेच बसत नाही. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीतून आला. या सगळ्यांच्या घरात चार वाजता चहा होतो.

पाकिटावर बोलायचा हक्क कोणाचा

नॉटिंगहॅमला हा प्रश्न नवा नाही. हे जॉन प्लेयर सिगारेटचं गाव. रॅडफर्ड भागात त्यांचे अवाढव्य कारखाने होते. शहरातला शेवटचा सिगारेट कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. १९७१ पासून ब्रिटनमधल्या सिगारेटच्या पाकिटांवर आरोग्याचा इशारा येऊ लागला. बिस्कीट म्हणजे सिगारेट नव्हे, आणि मला तसं म्हणायचंही नाही. पण पाकीट कंपनीचं असलं तरी त्यावरची थोडी जागा गिऱ्हाइकाची असते, हे तत्त्व तेव्हा ठरलं.

इंग्लंडने पुढची पावलं टाकली आहेत. जास्त साखर-मीठ-फॅटचे पदार्थ मोठ्या दुकानांत दाराशी आणि बिलाच्या काउंटरजवळ मांडायला ऑक्टोबर २०२२ पासून बंदी आहे. गेल्या ऑक्टोबरपासून त्यांच्यावर 'एकावर एक फुकट' देता येत नाही. या जानेवारीपासून रात्री नऊच्या आधी टीव्हीवर त्यांची जाहिरात नाही. गोड बिस्किटं या यादीत येतात. हे सक्तीवर का आलं? कारण विनंती करून झाली होती. २०२० पर्यंत साखर २० टक्क्यांनी कमी करा, असं सरकारने बिस्किटं-केक-चॉकलेटवाल्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी घट साडेतीन टक्के झाली. थंड पेयांवर मात्र २०१८ मध्ये साखरेचा कर लागला, आणि त्यांच्यातली साखर ४० टक्क्यांहून जास्त घटली.

भारतात पुढच्या बाजूच्या लेबलाचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यात हॉटेलांसारखे तारे सुचवले होते, अर्ध्यापासून पाचपर्यंत. तारा ही मुळात शाबासकी असते. शिवाय थोडा चोथा, थोडं धान्य घातलं की साखरेचे दोष त्यात काही प्रमाणात झाकले जातात. चिलीसारख्या देशात २०१६ पासून काळे अष्टकोन असतात, 'साखर जास्त' एवढं सरळ सांगणारे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर तीन महिन्यांत शिफारशी ठरवायला सांगितलं, जुलैमध्ये आणखी तीन महिने दिले. त्याच जुलैत नागपूरच्या एम्सच्या निमित्ताने 'समोसा-जिलेबीला सिगारेटसारखा इशारा' अशा बातम्या झळकल्या, आणि असा कुठलाही आदेश नाही, असा खुलासा केंद्राला करावा लागला. आपण आठवडाभर जिलेबीवर भांडलो. जिलेबी खाणाऱ्याला आपण गोड खातोय हे ठाऊक असतं. 'पचनाचं' बिस्कीट खाणाऱ्या माझ्या आईला ते ठाऊक नव्हतं.

आमच्या घरी काय बदललं

बिस्किटं बंद झाली नाहीत. तसं कोणाच्याच घरी होणार नाही. पण काही नियम केले. टक्केवारी वाचायची नाही, १०० ग्रॅमचा रकाना वाचायचा: साखर २२ च्या वर किंवा सॅच्युरेटेड फॅट ५ च्या वर असेल तर ते मिठाई समजून खायचं. पुडा टेबलावर आणायचा नाही. दोन बिस्किटं बशीत काढून पुडा फडताळात परत. चहाबरोबर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा लाह्यांचा चिवडा. लेकीच्या डब्यात बिस्किटं शुक्रवारी. माझी पुढची रक्ततपासणी अजून व्हायची आहे, तेव्हा चमत्काराची गोष्ट सांगायला माझ्याकडे काही नाही. जीपीने डायबेटिस टाळण्याच्या सरकारी कार्यक्रमात नाव घातलंय आणि मी रोज ट्रामचे दोन थांबे चालतो.

आई मार्चमध्ये परत जाईल. परवा तिने चष्मा लावून, पुडा खिडकीच्या उजेडात धरून स्वतः साखरेची ओळ शोधली. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "नाव एवढं मोठं आणि साखर मुंगीएवढ्या अक्षरात, असं का रे?" दिल्लीत अडकलेला प्रश्न नेमका हाच आहे. तो सुटेपर्यंत पुडा आपणच उलटा करायला हवा. आईने त्या ओळीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय.